वीस झोक्यांना तेवीस सेकंद

साजगाव, ५ नोव्हेंबर २०२४

चि. छाया,

तुझा फराळाचा डबा जितेशने परवा कंपनीत जाता जाता आणून दिला. करंज्या खुसखुशीत झाल्यात, पण मुद्दा तो नाही. मी त्याला विचारलं, "छायाचा नवा पाय कसा आहे रे?" त्याने उत्तर दिलं, ते मला ऐकू आलं नाही. कानात यंत्र घालूनही आता मला माणसांचे नुसते ओठ हललेले दिसतात. त्याचे ओठ "चांगला आहे" म्हणाले. डोळे तसं म्हणाले नाहीत. म्हणून हे पत्र.

फोन करू नकोस. मी निम्मं ऐकते आणि भलतंच उत्तर देते. मागे तू पोशीरला पाऊस आहे म्हणालीस आणि मी "अभिनंदन" म्हणाले होते. जितेश रोज माझ्या दारावरूनच कंपनीत जातो, तर त्याच्या डब्याच्या पिशवीत टपाल चालू दे.

जुन्या पायाला तडा गेला तेव्हा तू रडली होतीस, हे तुझ्या आईने मला सांगितलं होतं. तिच्या चुलत बहिणीला एवढं विचारायचा हक्क आहे, असं मी धरून चालते. खरं काय ते लिही.

विमलमावशी

*

पोशीर, ८ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. नमस्कार.

पाय छान आहे. आधीचा दोन किलोच्या वर होता, हा पाय बनवणाऱ्या केंद्रातल्या काट्यावर एक किलो शंभर ग्रॅम भरला. गुडघ्याखाली घट्ट बसतो, घासत नाही, फोड येत नाहीत. काळजी करू नका.

थोडी दमते, एवढंच. घरात काही नाही, पण वरच्या वाडीची चढण अर्धी झाली की मांडी भरून येते. पाऊल टाकावं तर पाय पुढे यायला उशीर करतो, मग थांबवावं तर थांबत नाही. केंद्रातले दादा म्हणाले, "ताई, आधीच्या निम्म्या वजनाचा पाय दिलाय. आता सवय करा, मनातून भीती काढा." त्यांचंही बरोबर आहे. परवा मी अर्ध्या वाटेवरून परत आले तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे न बघता पाणी दिलं.

आशाताई म्हणून वरची वाडी गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. सध्या तिथली चिंधी आठव्या महिन्यात आहे. पहिलं मूल पोटातच गेलं होतं तिचं. दवाखान्याचं नाव काढलं की घरात जाऊन बसते, माझ्याशी मात्र बोलते. आता काही दिवस ती वाडी दुसऱ्या कुणाला द्यावी, असं आमच्या गटप्रवर्तक अपेक्षाताईंशी बोलणं चाललंय. काही दिवसच.

तुमची छाया

*

साजगाव, १० नोव्हेंबर

चि. छाया,

"काही दिवस" हे शब्द तू दोनदा लिहिलेस. शाळेत असताना खोटं बोललीस की असंच दोनदा सांगायचीस.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी सकाळपासून घोकतेय. पाय पुढे यायला उशीर करतो आणि थांबवायला गेलं तर थांबत नाही. अगं, हे मनाचं लक्षण नाही. हे वस्तूचं लक्षण आहे.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होते. शिकवायचे सर, मांडून द्यायची मी. लोखंडी पट्टी आणि तबकड्या टांगायच्या, झुलवायच्या, घड्याळ लावून मोजायच्या. किती पोरं आली आणि गेली, पण पट्टीने आपली वेळ कधी बदलली नाही. त्यातून मला एक गोष्ट पक्की कळली. काट्यावर दोन वस्तू सारख्या भरल्या तरी हलवायला सारख्या नसतात. वजन टांगलेल्या जागेजवळ असेल तर वस्तू चटकन ऐकते. तेच वजन लांब टोकाला गेलं की हलायला कुरकुर करते आणि एकदा हलली की थांबायलाही कुरकुर करते. पुस्तकात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. नाव विसर. ते मोजता येतं, एवढं लक्षात ठेव.

तर तुझ्या पायाचं मोजू. जुना पाय टाकला नसशील ना? दोन्ही पायांचं सगळं एकसारखं कर.

एक, वजन. वाण्याच्या काट्यावर चालेल. दोन, पाय पाटाच्या कडेवर आडवा ठेवून तो कुठे तोलतो ते बघ आणि वर पट्टा अडकवायच्या भोकांपासून त्या जागेपर्यंतचं अंतर माप. तीन, त्याच भोकांतून सळई घाल, सळई दोन खुर्च्यांवर ठेव आणि पाय हलकेच झुलव. जोरात नाही, चार बोटं सरकेल एवढाच. जाऊन परत आला की एक झोका. वीस झोक्यांना किती सेकंद लागले ते मोबाइलच्या घड्याळावर बघ. पाच वेळा कर. आकडे जसे येतील तसे लिही, सुंदर करू नकोस.

मावशी

*

पोशीर, १५ नोव्हेंबर

ती. मावशी,

केलं सगळं. खळ्यावर भाताची झोडणी चालू आहे, त्यामुळे दोन दिवस उशीर झाला. वजन आणि तोल बुधवारी घेतला आणि झुलवायचं काम काल.

सासूबाईंना वाटलं मी पायाला धुरी देतेय. मी म्हटलं, झोके मोजायचेत. त्या म्हणाल्या, "पाळन्यात पोर नाय, आन् पायाला झोके?" पण मग खाली मांडी घालून बसल्या आणि मोठ्याने मोजायला लागल्या. तेराव्या झोक्याला शेजारची बाई सूप मागायला आली, तर तिला हाताने थांबवलं. "बोलू नको गं, इसरंन मी!" पाचही वेळा त्यांनीच मोजलं. मी फक्त घड्याळ धरलं.

जुना पाय: दोन किलो शंभर ग्रॅम. पंधरा सेंटिमीटरवर तोलतो. वीस झोक्यांना २०.४ सेकंद.

नवा पाय: एक किलो सातशे. सत्तावीस सेंटिमीटरवर तोलतो. वीस झोक्यांना १८.३ सेकंद.

म्हणजे नवा पाय जुन्यापेक्षा लवकरच झुलतोय ना? मग माझ्या मनातलंच असणार. तुम्ही माझ्यासाठी एवढा विचार केलात, बरं वाटलं. अपेक्षाताईंना मी महिनाअखेरपर्यंत काय ते सांगेन.

छाया

*

साजगाव, १७ नोव्हेंबर

छाया,

नव्या पायाचे आकडे चुकलेत. थोडेथोडके नाही, असा पाय जगात असूच शकत नाही.

कसं ते सांगते. सत्तावीस सेंटिमीटर दोरीला साधा खडा टांगून झुलवलास तरी वीस झोक्यांना जवळजवळ एकवीस सेकंद लागतात. सत्तावीसवर तोलणारी कुठलीही लांबट वस्तू त्या खड्यापेक्षा सावकाशच झुलणार, लवकर कधीच नाही. आणि तुझी आली अठरा सेकंदात! तुझ्या सासूबाई झोके गाळतायत, नाहीतर तू घड्याळ उशिरा दाबतेस.

शिवाय केंद्रात एक किलो शंभर भरलेला पाय वाण्याकडे एक किलो सातशे कसा झाला? वाण्याचा काटा खोटा असला तरी सहाशे ग्रॅमने नसतो.

मी तुला आकडे सुंदर करू नकोस म्हटलं होतं. मनात उत्तर आधीच धरून मोजणारी पोरं मी पुष्कळ पाहिलीत. नीट लक्ष देऊन पुन्हा कर.

विमलमावशी

*

पोशीर, २२ नोव्हेंबर

ती. मावशी,

हे पत्र पोस्टाने पाठवतेय, ह्यांच्या पिशवीतून नाही. का, ते वाचलंत की कळेल.

तुमचं पत्र वाचून मला राग आला. सासूबाईंना वाचून दाखवलं, तर त्यांना माझ्याहून जास्त आला. "मी भाताची पोती मोजलीत, वीस झोके मोजाया येत नायत मला?" म्हणाल्या. मावशी, त्यांचं मोजणं बरोबर होतं. माझं घड्याळही बरोबर होतं. वाण्याचा काटासुद्धा.

चूक मी केली, आणि नंतर ती कळूनही लिहिली नाही. वजन आणि तोल घेतला तेव्हा नव्या पायात बूट होता; जुना पाय मी बिनबुटाचाच वापरायचे. दुसऱ्या दिवशी झुलवायला घेतला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बूट घरात टांगायचा नाय," म्हणून मी तो काढला. बूट काढून सोडला आणि पाय सरसर गेला. मला तेव्हाच समजलं. मग मी आकडे तसेच लिहिले आणि गप्प बसले.

तो बूट ह्यांनी आणलाय. कंपनीतल्यासारखा, पुढे लोखंडी टोक असलेला, जाड तळव्याचा. वाडीच्या वाटेवर काटे, सुटे दगड, सापकिरडू, म्हणून. नवा पाय आला त्या दिवशी स्वतः घालून दिला आणि नाडी बांधली. मावशी, अपघात झाला तेव्हा गाडी हेच चालवत होते, हे तुम्हाला माहीत आहे. चार वर्षांत ह्यांनी त्या दिवसाचा एक शब्द काढलेला नाही. काही ना काही आणत राहतात. कुबड्या आणल्या, बाथरूमला दांडा लावला, आता हा बूट. रोज सकाळी विचारतात, "बूट बरा हाय ना?" मी म्हणते, "एकदम." आता तोच बूट मला चढू देत नाही, असं कुठल्या तोंडाने सांगू? त्यापेक्षा वाडी सोडलेली बरी, असं मी ठरवलं होतं. तसा अर्ज अपेक्षाताईंकडे देऊनही झालाय. "काही दिवस" नाही, कायमचाच.

काल हे कामावर गेल्यावर पाय अंगणात नेऊन बुटासकट झुलवला. पाचही वेळा २३.२ सेकंद.

ह्यांना काही सांगू नका.

छाया

*

साजगाव, २९ नोव्हेंबर

चि. जितेश,

तू माझ्यासमोर खुर्चीत चहा पीत बसला आहेस आणि मी हे लिहितेय. लिहून झालं की तुझ्या हातात देणार आहे. तू इथेच वाच. मला तुझं बोलणं ऐकू येणार नाही, तेव्हा बोलायची घाई नको.

हे मी छायाला न विचारता करतेय. तुला सांगू नका असं तिने बजावलं होतं. मी तिचं ऐकलं नाही. तसंही मला ऐकू कमीच येतं.

खालचे आकडे बघ. वजन गुणिले तोलाचं अंतर गुणिले वेळेचा वर्ग. जुना पाय, तेरा हजार शंभर. नवा पाय तुझ्या बुटासकट, चोवीस हजार सातशे. वजनाने नवा चारशे ग्रॅम हलका, पण हलवायला जवळजवळ दुप्पट जड. सहाशे ग्रॅमचा बूट पार टोकाला, गुडघ्यापासून सगळ्यात लांब बसलाय. चढणीवर हजार पावलं टाकायची म्हणजे हजार वेळा त्याला ओढायचं आणि हजार वेळा आवरायचं. पोरीची मांडी त्यातच संपते. तिच्या मनात काही भीती नाही. ती दोन महिने हे ओढत होती आणि तुला दुखवायचं नाही म्हणून स्वतःला कमी समजत होती. त्यासाठी वाडी सोडायचा अर्जही तिने देऊन टाकलाय.

मी तिच्यावर चुकीचं मोजल्याचा आळ घेतला. आकडे खरे होते, वस्तू दोन होत्या. एकतीस वर्षांत मी जी चूक पोरांना करू नका म्हणून ओरडत होते, ती मीच केली. मोजणाऱ्याला दोष देण्याआधी काय मोजलं ते विचारायचं असतं. तिची माफी मी वेगळी मागणार आहे, तिच्या सासूबाईंची त्याहून आधी.

तुझा हेतू चुकला नव्हता, जितेश. तू नाडी बांधलीस ते तिने मला लिहिलंय. ज्या बायकोला नवऱ्याचा राग असतो, ती असलं लिहीत नाही.

आता चहा पी. गार झाला असेल.

विमलमावशी

*

पोशीर, ४ डिसेंबर

मावशी,

नमस्कार. मला पत्र लिहायची सवय नाही. शाळा सुटल्यापासून रजेचा अर्ज सोडून काही लिहिलं नाही. त्या दिवशी तुमच्याकडून निघून सरळ कंपनीत गेलो. तुमचं पत्र मी कंपनीच्या गेटवर परत वाचलं.

मी पंधरा वर्षं मशीनवर फिटर आहे. चाकाचं वजन कडेला ठेवलं की चाक फिरवायला जड आणि थांबवायला जड, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. पण घरी ते डोकं चाललं नाही. लोखंडी टोक कशासाठी असतं, तर पायाच्या बोटांवर काही पडलं तर बोटं वाचावीत म्हणून. मावशी, त्या पायाला बोटंच नाहीत. मी काय वाचवत होतो? हे कळलं तेव्हा मी गेटवर एकटाच हसायला लागलो. वॉचमनने विचारलं काय झालं, आणि मग हसू राहिलं नाही.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी छायाचा बूट काढला. ती काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "मावशीने सांगितलं." ती तुमच्यावर थोडी रागावली आहे. फार नाही.

रविवारी नेरळला जाऊन कॅनव्हासचे बूट आणले. तळवा रबरी, खाचांचा, ओल्या दगडावरपण धरतो. दुकानात चार जोड काट्यावर ठेवून बघितले, दुकानदार वैतागला. एक बूट अडीचशे ग्रॅमचा आहे. पाय मीच झुलवला, आईने मोजलं. एक किलो साडेतीनशे, तेवीस पॉइंट एकवर तोल, २१.३ सेकंद. गुणाकार करून बघितला, चौदा हजार दीडशे येतात. जुन्या पायाच्या जवळपास आला ना? चुकलं असेल तर सांगा. आई म्हणते, मोजण्यात चूक नाही हे मावशीला ठळक लिही.

काल छाया टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन आली. मी मागे चालत होतो. मधेच ती पुढे निघून गेली आणि मला पळावं लागलं.

जितेश

*

पोशीर, २३ डिसेंबर

ती. मावशी,

आधी रागाचं उरकते. मी सांगू नका म्हटलं आणि तुम्ही ह्यांना समोर बसवून वाचायला लावलंत. चार दिवस मी तुमच्यावर चिडले होते. पाचव्या दिवशी लक्षात आलं की चार वर्षं मानेवर बसलेलं काहीतरी उतरलंय, आणि ते उतरवायला मला स्वतःला कधी जमलं नसतं. माफी मागितलीत ती सासूबाईंना पोचली. त्यांनी पत्र घडी करून पोथीत ठेवलंय.

आता मोठी बातमी. १२ तारखेला मी वरच्या वाडीवर गेले. अपेक्षाताईंनी अर्ज अजून वर पाठवला नव्हता. "तू परत मागायला येशील असं वाटत होतं," म्हणाल्या. चढण सुरू केली तेव्हा मी पावलं मोजत होते, पण निम्म्या वाटेनंतर मोजायचं विसरले. वाडीत पोचल्यावर पहिल्याच घराच्या अंगणातल्या बाजेवर टेकले आणि कळलं की मी एकदाही बसले नव्हते.

चिंधी दारात बसली होती. मला बघून उठली नाही. तोंड सुजलेलं, पायावर बोट दाबलं तर खड्डा राहिला. मी विचारलं, "डोकं दुखतं का गं?" म्हणाली, "दोन दिस झालं. आन् डोळ्याफुडं काजवं नाचत्यात. तू का नाय आली?" तिचा नवरा म्हणत होता, उतरेल आपोआप. मी त्याच्याशी वाद घातला नाही. तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "चिंधे, मी चालत आले बघ. आता तू माझ्याबरोबर खाली चल. दवाखान्यात मी हलायची नाय तुझ्याजवळून." तिने माझ्या पायाकडे बघितलं, मग बुटाकडे, आणि उठली.

चौघांनी चादरीची झोळी करून तिला रस्त्यापर्यंत आणलं, तोवर फोन करून बोलावलेली रुग्णवाहिका आली. कर्जतला बीपी घेतलं ते इतकं चढलेलं की डॉक्टर मला म्हणाल्या, "आज आणलीत ते बरं केलंत. उद्यावर ठेवलं असतं तर मी काही सांगू शकले नसते." तिथून मोठ्या दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी मुलगी झाली, दोन किलो तीनशे. चिंधी शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "रडली का?" मी म्हटलं, "अख्खा वॉर्ड जागा केला." काल दोघी वाडीवर परतल्या. सूज ओसरली आहे. मुलगी दूध ओढते.

मावशी, मी अर्ध्या वाटेवरून परतले असते तर काय झालं असतं, हे मी सुरुवातीचे दोन दिवस सारखं मनात आणत होते. आता आणत नाही. ती आहे, पोर आहे, पुरे.

आणखी एक, आणि मग थांबते. काल दोघी मायलेकींना वाडीवर पोचवून मी उतरत होते. पायथ्याला हे गाडी घेऊन उभे. अपघातानंतर ह्यांनी मला कधीच गाडीवर मागे बसवलेलं नाही. कुठे जायचं तर रिक्षा सांगायचे. मी म्हटलं, "रिक्षा कुठाय?" ते हँडलकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी टेंपोला मागं टाकायला नको होतं मी. तू थांबा म्हणाली होतीस. मला ऐकू आलं होतं."

मावशी, मला ते ठाऊक होतं. हॉस्पिटलमध्ये डोळे उघडले त्या क्षणापासून ठाऊक होतं. ते कधीतरी सांगतील म्हणून मी वाट बघत होते, आणि सांगितलं तर काय करायचं तेही ठरवून ठेवलं होतं. पुष्कळ काय काय बोलायचं होतं. त्यातलं एकही आठवलं नाही. मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, नवा पाय उचलून पलीकडे टाकला आणि मागे बसले.

ते म्हणाले, "सावकाश नेतो."

मी म्हटलं, "नीट न्या. सावकाश नको. पोरीच्या नावाचे पेढे आणायचेत, दुकान बंद होईल."

तुमची छाया